समीकरण जुळेना तेव्हा: चौकट आणि शेवटी ऑक्सिजन

कोथरूडला आमच्या सोसायटीतली नववीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञानाला येतात. रासायनिक समीकरण संतुलित करताना, म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना, बहुतेकांचं एकाच जागी अडायचं. अणू जुळेनात, की सरळ रेणुसूत्रातला खालचा अंक बदलायचा. "काका, एच₂ओ चं एच₂ओ₂ केलं की जुळतंय!" पण ते पाणी उरलंच नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. पदार्थच बदलला!

मग मी चौकट सुरू केली. सूत्र लिहिलं की त्याभोवती पेनाने चौकट आखायची. आत हात लावायचा नाही, अंक फक्त चौकटीच्या आधी लिहायचा. एवढ्यानेच निम्मा गोंधळ मिटला.

उरलेला मिटला तो क्रमामुळे. ज्वलनाच्या समीकरणात आधी कार्बन जुळवायचा, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. कारण डावीकडे तो एकटा असतो, त्याचा अंक बदलला तरी बाकी काही हलत नाही. पाइपगॅसमधला मिथेन चटकन सुटतो. सिलिंडरमधला ब्युटेन (सी₄एच₁₀) मात्र मुद्दाम द्यावा. एका ब्युटेनमागे ४ कार्बन डायऑक्साइड, ५ पाणी. म्हणजे ऑक्सिजनचे १३ अणू, ओ₂ चे रेणू साडेसहा. इथे मुलं बिचकतात, सगळं खोडतात. खोडू देऊ नका! सगळे अंक दुप्पट करा:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

दोन्हीकडे ऑक्सिजन २६. ही मोजणी मी प्रत्येक वेळी मोठ्याने करून घेतो. दुसऱ्या एखाद्या समीकरणात सल्फेट (एसओ₄ हा गट) दोन्ही बाजूंना अखंड असेल, तर तो फोडू नये, एकच गट म्हणून मोजावा.