स्किझोफ्रेनियात बिडी सोडवताना: आधी गोळ्यांचा हिशोब

शुभार्थी, म्हणजे आजार असलेला माणूस, बिडी सोडायला तयार झाला की घरचे आनंदाने बंडलच फेकून देतात. थोडं थांबा, आधी गोळ्यांची नावं बघा. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियावरची औषधं चालू असतील, तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवायची. धुरातल्या डांबरी घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम जोरात चालतं आणि ही औषधं भराभर संपवतं. धूर थांबला की आठवडाभरात तो जोर ओसरतो आणि कालपर्यंत पचणारा डोस जड होतो. दिवसभर गुंगी, उशी भिजेल इतकी लाळ, चक्कर, बद्धकोष्ठ; क्लोझापिनवर प्रसंगी फिटसुद्धा. म्हणून डॉक्टर पहिल्या आठवड्यात क्लोझापिन बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास उतरवतात, सोय असेल तिथे रक्तातली पातळीही बघतात. घरी आपल्या मनाने गोळी अर्धी करायची नाही.

हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे बिडी सोडून तंबाखू मळायला लागला तरी औषधाची पातळी चढतेच. चहा-कॉफीही निम्म्यावर आणा. कॅफिन त्याच एन्झाइमने संपतं, आणि झोप उडाली की खापर बिडी सोडण्यावर फुटतं.

उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर निकोटिन गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. तो साध्या च्युइंगमसारखा चघळला की निकोटिन पोटात जातं, उचक्या-मळमळ होते आणि पाकीट कपाटात पडतं. सावकाश चावा, तिखट लागलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. एक गम अर्धा तास पुरतो. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्यावा. बहुतेक जण फारच कमी घेतात. ओढणं जास्त असेल तर जोडीला त्वचेवर चिकटवायचा निकोटिन पॅच लागतो.

बिडी सोडायला मदत करणाऱ्या व्हरेनिक्लिन या गोळीने मानसिक त्रास वाढेल, ही भीती अजून ऐकू येते. २०१६ च्या ईगल्स चाचणीत मानसिक आजार असलेले हजारो जण होते, आणि त्यांच्यात मानसिक त्रास प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) लक्षणीय वाढला नाही. बिडी सोडवायचं दुसरं औषध, ब्युप्रोपिऑन, मात्र क्लोझापिनसोबत टाळलेलं बरं, फिटचा धोका वाढतो.

चिडचिड, अस्वस्थपणा पहिल्या आठवड्यात सर्वात जास्त, मग दोन ते चार आठवड्यांत उतरतो. कानात भासणारे आवाज वाढले, संशय वाढला तर ती तलफ समजू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ‘गोळी घे, मग बिडी देतो’ हा सौदा आजपासून बंद.

वॉर्डात बिडी बंद असते, डोस तिथेच ठरतो. घरी येऊन पुन्हा ओढायला लागला तर औषध कमी पडतं. तेव्हा लपवाछपवी न करता तेही लगेच कळवा.