'बगर' म्हटलं तर चिडायचं का? इंग्रजी शिवीचं मूळ असं शोधा

बाहेरून गोव्यात आलेल्या माणसाला म्हापशाच्या बाजारात नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर "कितें रे बगर, खंय आसा?" ऐकू आलं आणि त्याने मोबाईलवर bugger या इंग्रजी शिवीचा अर्थ (गुदमैथुन करणारा) बघितला की तो हादरतोच. इथल्या पोरांच्या तोंडात बगर म्हणजे नुसता गडी, कधी बिचारा, कधी बेरकी. म्हणून अर्थ बघून थांबू नका, शिवीची कुंडली काढा.

आधी व्हॉट्सअॅपवरच्या गोष्टी बाजूला ठेवा. अमुक शिवी म्हणजे तमुक शब्दांची आद्याक्षरं असं कोणी सांगितलं तर सरळ थाप समजा, तसे शब्द बनवायची टूम मुख्यतः विसाव्या शतकातली आणि शिव्या बहुतेक त्याहून जुन्या. मग ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी बघा, तिच्यात सगळ्यात जुना अर्थ पहिला देतात. फुकटात हवं तर शब्दांची मुळं सांगणारी एटिमऑनलाइन वेबसाइट आहेच.

आता सालं बघत खाली या, खरी गंमत तिथेच. बगरचं मूळ आहे 'बल्गेरियन'! लॅटिन बल्गारुस, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये झालं बूग्र. दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल पंथ निघाला, चर्चच्या लेखी पाखंडी, मग फ्रान्समधल्या कॅथार या तशाच पाखंडी ठरवलेल्या पंथाच्या लोकांनाही त्यांच्याच माळेत ओवून बूग्र म्हणायला लागले. रॉबर्ट ल बूग्र नावाचा एक इन्क्विझिटर, म्हणजे पाखंडी हुडकणारा चर्चचा न्यायाधीश होता, स्वतः आधी कॅथार, नाव तेच चिकटलेलं, आणि १२३९ मध्ये माँ-एमे इथे शे-दीडशेच्या वर माणसं जाळली गेली ती त्याच्याच कारवाईत. आपल्याकडे १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं, पाखंडी ठरण्याचं वजन गोंयकारांना काय सांगायचं!

पाखंडी म्हटलं की बिछान्यातले आरोप मागोमाग येतातच. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या वेळी, १५३३ ला, बगरी अॅक्ट आला (बगरी म्हणजे गुदमैथुन), शिक्षा थेट फाशी, आणि ती कायद्यातून गेली १८६१ ला. म्हणजे शेजाऱ्याचं नाव, मग धर्माचा गुन्हा, मग शरीराचा. पुढे धार इतकी बोथट झाली की १९९९ मध्ये न्यूझीलंडला टोयोटा हायलक्सच्या जाहिरातीत हा शब्द परत परत आला, तक्रारी झाल्या आणि त्या फेटाळल्याही गेल्या.

सगळ्यात शेवटी, आज आपल्या गावात कोण कुणाला म्हणतंय ते ऐका, कारण डिक्शनरी सूर सांगत नाही. बरोबरीच्या दोस्ताने म्हटलं तर हसून सोडा, अनोळखी माणूस भांडणात म्हणाला तर ती शिवीच. आणि इंग्लंडातल्या स्विंडनला नवीन जॉबवर चालला असाल तर सुपरवायझरला पहिल्याच दिवशी लाडाने बगर म्हणू नका बाबांनो, तिकडे अजून लोक आधी तोंड बघतात, मग ठरवतात.