परदेशात मित्राच्या घराला हातभार लावायला निघालात? आधी या चुका टाळा

खारघरचे आमचे काका तुर्भ्याच्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. सोसायटीत कुणाचा नळ गळला की पहिली हाक त्यांनाच. माझ्या धाकट्या भावाने कॅनडात जुनं घर घेतलं आणि काका लगेच म्हणाले, "मी येतो, रंग-बिंग आपणच काढू." बॅगेत कपडे कमी, पाने आणि पटाश्याच जास्त. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी आलात? काकांनी प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगितलं, "पुतण्याच्या घरी वर्क करायला." झालं. त्यांना बाजूच्या खोलीत बसवलं आणि भावाला फोन करून सगळी खातरजमा होईपर्यंत अडीच तास गेले. शेवटी आत सोडलं, पण काका त्या दिवशी फार घाबरले होते.

अधिकाऱ्याची यात काहीच चूक नव्हती. ठाणे-नवी मुंबईतून दर उन्हाळ्यात कितीतरी आईवडील, काका-मामा आणि मित्र असेच निघतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

'काम' हा शब्द तसाच उचलून नेणं

आपल्याकडे सगळंच काम. कामावर जायचं ते काम, लग्नघरात वाढप करायचं तेही काम, आणि "तुझ्याकडे जरा काम होतं" हेही कामच. इमिग्रेशनच्या खिडकीवर 'वर्क' म्हणजे मात्र नोकरी-धंदा. टुरिस्ट व्हिसावर आलेला माणूस तो शब्द उच्चारतो तेव्हा समोरच्याला वेगळंच ऐकू जातं.

यावर उपाय म्हणून काही एजंट "घराचं नावच काढू नका" असा सल्ला देतात. तो अजिबात ऐकू नका. खोटं बोलण्याची शिक्षा मूळ प्रकारापेक्षा कितीतरी मोठी आहे. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं प्रवेश बंद होतो. ब्रिटनमध्ये व्हिसाच्या अर्जात फसवणूक आढळली तर पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. अमेरिकेत तर ही बंदी कायमची असते. विशेष सवलत मिळाली तरच ती उठते. खरं तेच सांगा, पण पूर्ण सांगा: पुतण्याला भेटायला आलो, सहा आठवडे राहणार, परतीचं तिकीट हे, त्याच्या घराचा रंग चालू आहे, जमेल तसा हात लावीन, पैसे घेणार नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. अंदाजाने "येस, येस" करत बसू नका.

"पैसे घेत नाही ना, मग झालं"

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण प्रत्येक देशाची कामाची व्याख्या वेगळी आहे.

कॅनडाचा नियम वाचून मला बरं वाटलं. तिथे काम म्हणजे ज्याचं वेतन किंवा कमिशन मिळतं ते, किंवा ज्यामुळे तिथल्या लोकांच्या रोजगाराशी थेट स्पर्धा होते ते. भेटीला आलेल्या नातेवाइकाने किंवा मित्राने बिनमोबदला केलेली मदत यात धरत नाहीत. त्यांच्या सरकारी मार्गदर्शनात दिलेली उदाहरणंच बघा: लेकीचं मूल सांभाळणारी आई, आणि पुतण्याला त्याचं स्वतःचं छोटं घर बांधायला मदत करणारा काका! आमच्या काकांना हे आधी ठाऊक असतं तर त्या खोलीत त्यांचे हात थरथरले नसते.

ऑस्ट्रेलियात हाच विचार चालत नाही. तिथल्या नियमांत काम म्हणजे 'ज्याला ऑस्ट्रेलियात एरवी मोबदला मिळतो' अशी कृती. तुम्हाला पैसे मिळाले की नाही हा प्रश्नच नाही. त्या कामाला एरवी पैसे पडतात का, एवढंच बघतात. आणि भेटीच्या व्हिसावर बहुतेक वेळा ८१०१ क्रमांकाची अट असते: काम करायचं नाही. मित्राबरोबर रविवारी एखादी भिंत रंगवणं वेगळं, आणि अख्ख्या बाथरूमच्या टाइल्स उखडून नव्या बसवणं वेगळं. दुसऱ्या कामाला तिथे कुणीही टाइल्सवाला बोलावला असता. ते काम तुम्ही अंगावर घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते.

न्यूझीलंडमध्ये पैशांत मोजता येईल असा कुठलाही लाभ हा मोबदला धरतात. राहणं-जेवणही त्यात आलं. म्हणजे "महिनाभर माझ्याकडे राहा, बदल्यात तेवढं डेक (घराबाहेरचा लाकडी ओटा) दुरुस्त करून दे" हा सौदा झाला.

अमेरिकेतही वस्तूंच्या किंवा निवाऱ्याच्या रूपातला मोबदला हा मोबदलाच, आणि बी-२ या पर्यटन-भेटीच्या व्हिसावर कोणतीही नोकरी चालत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनची एक तरुण प्रवासी तिथे यजमान कुटुंबांना घरकामात मदत करत आणि त्यांच्याकडेच राहत फिरत होती. कॅनडाच्या सीमेवरून तिला परत पाठवलं आणि मग अमेरिकेने जवळपास तीन आठवडे स्थानबद्ध ठेवलं. तिने एक पैसाही घेतला नव्हता. मुलाकडे राहिलेल्या आईवडिलांचा मुक्काम आणि असा बदल्यातला मुक्काम एक नव्हे हे खरं, पण मित्राच्या बाबतीत ही रेघ फार बारीक होते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर "तू ये, तिकीट माझं, किचन तुझं" असले मेसेज गमतीनेसुद्धा टाकू नका. सीमेवरचे अधिकारी फोन तपासू शकतात आणि त्यांना आपली गंमत कळत नाही.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एक प्रश्न आधी विचारावा: घर मित्राच्या राहण्याचं आहे, की त्याच्या धंद्याचं? तिथे भेटीच्या व्हिसावर कुठल्याही संस्थेसाठी किंवा व्यवसायासाठी काम करता येत नाही, बिनपगारीही नाही. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी स्वयंसेवा चालते, तीही एकूण ३० दिवसांपर्यंत. मित्र घरं घेऊन, दुरुस्त करून विकत असेल, तर त्या घराला लांबी भरणंही व्यवसायाला हातभार लावणंच ठरतं.

जर्मनीत शेजारधर्माच्या आणि नातलगांच्या मदतीला बेकायदा मजुरीच्या कायद्यातून वगळलं आहे, नफ्याचा हेतू नसेल तर. पण मोठं बांधकाम स्वतः करणाऱ्या घरमालकाने मदतनिसांची नोंद बांधकाम क्षेत्राच्या अपघात विमा संस्थेकडे करायची असते, ते फुकट राबत असले तरी.

विद्यार्थ्यांनी 'चहापाणी' घेणं

परदेशात शिकणारी ऐरोली-कळव्याची मुलं शनिवार-रविवारी ओळखीच्या कुणाच्या घरी रंग द्यायला जातात, संध्याकाळी हातात शंभर डॉलर पडतात. शिकताना पैशांची ओढाताण काय असते ते मी घरात पाहिलंय, म्हणून त्यांना नावं ठेवणार नाही. पण पैसे हातात आले की ती मदत उरत नाही, आणि ते तास विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या मर्यादेत मोजले जातात. कॅनडात शिक्षण चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, हे नोव्हेंबर २०२४ पासून. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जुलै २०२३ पासून. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तास, आणि स्वतःचा धंदा म्हणून काम घ्यायला तर बंदीच. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेरची अशी रोकड पूर्णपणे नियमाबाहेर.

व्हिसा ठीक, पण हात भलत्या ठिकाणी

ठाण्यात घराचं काम काढलं तर सोसायटीचं पत्र, डिपॉझिट आणि राडारोडा कुठे टाकायचा एवढी काळजी पुरते. वायरिंग तर आपण निम्मं स्वतःच करतो. तिकडे नाही. ऑस्ट्रेलियात घराचं वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं. घर स्वतःचं असलं तरी. ब्रिटनमध्ये गॅसचं काम 'गॅस सेफ' या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसावरच सोडावं. आमच्या काकांसारखा तयार हाताचा माणूस इथे जास्त चुकतो, कारण त्याला ते येत असतं.

त्याहून मोठा धोका जुन्या भिंतींचा. ब्रिटनमध्ये २००० पूर्वीच्या आणि ऑस्ट्रेलियात १९९० पूर्वीच्या घरांत छातीला घातक तंतूंचा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनने तो १९९९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस पूर्ण बंद केला. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग सापडतो. पॉलिश पेपर मारलात की ती धूळ छातीत जाते. घराचं वय विचारल्याशिवाय आणि तपासणी झाल्याशिवाय काहीही खरवडू नका, फोडू नका.

प्रवास विम्याची पॉलिसीही निघण्याआधी वाचा. अंगमेहनतीचं काम करताना झालेली इजा बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेली असते. ब्रिटनमध्ये भेटीला आलेल्या परदेशी माणसाला हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर सरकारी दराच्या दीडपट बिल लागू शकतं. शिडीवरून पडलेल्या पाहुण्याचा हा खर्च शेवटी मित्रालाच भरावा लागतो.

गडबड झालीच तर

पैसे घेऊन झाले असतील तर आधी काम थांबवा, आणि पुढचा कुठलाही अर्ज भरण्यापूर्वी त्या देशातल्या नोंदणीकृत सल्लागाराला किंवा वकिलाला गाठा. स्टेशनजवळच्या एजंटवर भागवू नका. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत मायग्रेशन एजंट असतात. ब्रिटनमध्ये सल्लागारांवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा आहे, जानेवारी २०२५ पासून तिचं नाव इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटी.

अमेरिकेच्या सीमेवर अडवलं तर कागदावर सही करण्याआधी तो कशाचा आहे ते विचारा. प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेऊन परतण्याची मुभा अधिकारी देऊ शकतात. तातडीच्या हकालपट्टीचा आदेश निघाला तर सहसा पाच वर्षं दार बंद. ही मुभा विनंती करून, शांतपणे मागा.

आणि बॅग. काका या वर्षी पुन्हा निघालेत. या वेळी पाने-पटाश्या घरीच ठेवल्यात, भावाने तिथेच भाड्याने घ्यायचं ठरवलंय. हातातल्या फाइलमध्ये परतीचं तिकीट, विम्याची पॉलिसी आणि भावाचं पत्र: काका भेटीला येत आहेत, घर माझं स्वतःचं आहे, त्यांना कोणताही मोबदला दिला जाणार नाही.