मे महिन्याच्या आधी राउटरची तयारी

सोलापुरात राउटर मे महिन्यात मरतात. पत्र्याचं छत, बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला तो डबा रात्रंदिवस चालू. एका दुपारी दिवे विझतात. जीएसटीची तारीख तोंडावर असते, म्हणून कुणीतरी धावत जाऊन नवा राउटर आणतं. केबलवाल्याचा मुलगा पंधरा मिनिटांत जोडून देतो, नेट सुरू होतं आणि सगळे कामाला लागतात. तो राउटर खोक्यातून निघाला तसाच पुढची चार-पाच वर्षं चालतो. म्हणून ही तयारी मार्चमध्ये, निवांत रविवारी सकाळी करा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, नवी पेठेतली करसल्लागारांची ऑफिसं, एक-दोन दवाखाने अशा दहा-बारा ठिकाणचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथे जे करतो तेच इथे सांगतोय.

सगळ्यात आधी, राउटर कुणाचा ते ठरवा. मालकांना विचारलं तर ते केबलवाल्याचं नाव सांगतात. केबलवाला म्हणतो, "आम्ही फक्त लाईन दिली, डबा तुमचा." दिवाणजींना वायफायचा पासवर्ड तेवढा ठाऊक असतो. तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे हे ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत असतं, राउटरची कुणाकडे हे कुणालाच माहीत नसतं. तेव्हा एका माणसाचं नाव ठरवा आणि एक साधी वही घ्या. वही कपाटात, कुलपाखाली.

वहीत काय लिहायचं? राउटर खाली उतरवा आणि उलटा करा. कारखान्यात असेल तर त्याच्यावर कापसाच्या तंतूंचा थर बसलेला असतो, हवेची भोकं पार बुजलेली. कोरड्या ब्रशने तो काढा. पाण्याचा हात लावू नका. मग खालच्या लेबलचा मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो घ्या. परवा एका ठिकाणी लेबल इतकं विटलं होतं की मॉडेलच्या नंबरातला ३ आहे की ८, हे तिरका उजेड पाडून बघावं लागलं. मॉडेल, त्याच्यापुढे छापलेलं व्ही १ किंवा व्ही २, म्हणजे त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती ते, आणि सिरीयल नंबर लिहा. त्याखाली नेटच्या जोडणीचा युजर आयडी आणि पासवर्ड लिहा. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, केबलवाला जोडणी देताना टाकतो तो. तो हाताशी नसताना राउटर रिसेट केलात, म्हणजे आतलं सगळं पुसून खोक्यातून निघाला तसा केलात, तर रविवारभर नेट गेलंच म्हणून समजा. केबलवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून तो मागून घ्या, आणि डबा त्यांच्या मालकीचा असेल तर सेटिंग बदलायची परवानगीही तेव्हाच घ्या.

आणखी दोन गोष्टी हाताशी ठेवा. एक लॅन केबल, कारण हे काम वायफायवरून करू नये. दुसरी, इन्व्हर्टर किंवा यूपीएस. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतला त्याचा स्वतःचा प्रोग्राम, बदलत असताना लाईट गेली तर राउटर कायमचा बंद पडू शकतो. महावितरणचा शटडाऊनचा मेसेज आलाय का ते सकाळीच बघा.

आता आत शिरायचं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाकलं की बहुतेक राउटरचं पान उघडतं. इथे जो पासवर्ड मागतात तो राउटरच्या आत जायचा, आणि वायफायचा वेगळा. हा फरक चांगल्या शिकलेल्या माणसांच्याही ध्यानात नसतो. वायफायचा पासवर्ड ते वर्षातून दोनदा बदलतात आणि आतला 'अ‍ॅडमिन'चा 'अ‍ॅडमिन'च राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) आणि राउटर ताब्यात घेतले, त्याला कुठलीही अवघड विद्या लागली नाही. कंपनीने आधीच भरून दिलेल्या नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्यांची यादी त्याच्याजवळ होती. एकेक लावत जायचं, एक लागली की आत. त्या फौजेने ऑक्टोबर २०१६ मध्ये साईटच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या अमेरिकेतल्या डाईन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साईट काही तास अडल्या. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडे बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम अशाच कारणाने बंद पडले. मूळचा पासवर्ड न बदललेल्यांना फटका बसला. म्हणून आतला पासवर्ड आजच बदला. चार-पाच साधे शब्द जोडून लांबलचक करा, दुकानाचं नाव आणि साल नको. वहीत लिहा. वही कुलपात असेल तर लिहिण्यात धोका नाही, मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीत आहे.

मग फर्मवेअर. राउटरच्या पानावर त्याची आवृत्ती दिसते. ती कंपनीच्या स्वतःच्या साईटवर, आपल्याच मॉडेलच्या आणि आपल्याच व्ही-नंबरच्या पानाशी ताडून बघा. व्ही १ चं व्ही २ ला घालायचं नाही, आणि दुसऱ्या कुठल्या साईटवरून उतरवायचं नाही. हे काम का करायचं ते एका उदाहरणावरून कळेल. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीने राउटरमधला एक दोष जाहीर केला, त्याला मिसफॉर्च्युन कुकी म्हणतात. तेव्हा जगात १ कोटी २० लाख उपकरणं त्या दोषासकट चालू होती. आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये तो दोष होता, त्याच्या मूळ कंपनीने तो २००५ सालीच दुरुस्त केला होता! औषध नऊ वर्षं तयार होतं, डब्यांपर्यंत पोचलंच नाही. मोबाईल स्वतःहून विचारतो, अपडेट करू का म्हणून. जुना राउटर कधीच विचारत नाही. त्याच्याकडे आपणच जायला लागतं.

साईटवर 'सपोर्ट संपला' असं लिहिलेलं दिसलं तर पुढची खटपट सोडा. तो राउटर बदला. 'चालतोय की अजून' हे मी दर वेळी ऐकतो, आणि पैशाची ओढाताण मला कळते. पण ज्याची दुरुस्ती यापुढे कधीच येणार नाही, त्याच्यात उद्या सापडणारं भोक कायमचं उघडं राहतं. नवा घेताना वायफायचा वेग शेवटी बघा. आधी बघायचं ते हे की कंपनी अजून त्या मॉडेलला अपडेट देते का, आणि तो स्वतःहून अपडेट घेतो का. जुना म्हणून स्वस्तात मिळतोय तो नको.

आता बंद करायच्या गोष्टी. रिमोट मॅनेजमेंट बंद, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचं पान उघडायची सोय बंद. तुम्हाला ती लागत नाही. डब्ल्यूपीएस बंद, म्हणजे बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वायफाय जोडायची सोय. आठ आकडे म्हटल्यावर भक्कम वाटतं. पण ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, पहिले चार आकडे आधी, उरलेले नंतर, आणि शेवटचा आकडा तर बाकीच्या सातांवरून काढता येतो. त्यामुळे कोट्यवधीऐवजी फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. डिसेंबर २०११ पासून हे सगळ्यांना माहीत आहे. यूपीएनपीही बंद करा, कारण आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता त्यातून बाहेरचं दार उघडून घेऊ शकतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो कॅमेऱ्यांपायी. कारखान्याचे कॅमेरे मालकांना घरी बसून मोबाईलवर बघायचे असतात, ते रास्तच आहे. कॅमेरा लावणारा माणूस त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतो, कधी घाईत डीएमझेडमध्येच डीव्हीआर टाकतो. अर्थ असा की रस्त्यावरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट, मध्ये राउटर असून नसल्यासारखा. आणि डीव्हीआरचा पासवर्ड? मूळचाच. ही दोन्ही पानं उघडून बघा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक ओळ काढून टाका. कॅमेरे डीव्हीआरच्या कंपनीच्या अ‍ॅपमधून बघा किंवा व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूप लावलेली खासगी वाट, लावून घ्या, आणि डीव्हीआरचा पासवर्डही बदला. कॅमेरेवाल्याला समोर बसवूनच हे करा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीला आला की तो वाट पुन्हा उघडून जातो.

डीएनएसचं पान मात्र मी कधीच घाईने बघत नाही, त्याला कारण आहे. एका टॉवेल कारखान्यातल्या हिशेब लिहिणाऱ्या ताईंचा सकाळी फोन आला. "दादा, बँकेचं पान आज येगळंच दिसलालंय बघा. कुलूप दिसंना वर." मी म्हटलं, "ताई, काही टाकू नका, हात काढा." जाऊन बघितलं तर कॉम्प्युटर स्वच्छ होता, मोबाईलच्या डेटावर बँक नीट उघडत होती, ऑफिसच्या वायफायवर मात्र भलतंच पान. राउटरमध्ये डीएनएसच्या रकान्यात कुणीतरी परका आकडा भरून ठेवला होता. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता सांगणारा. तोच फितला की तुम्ही बँकेचं नाव अचूक लिहिलं तरी दुसऱ्याच्या ओसरीवर पोचता. राउटरचा आतला पासवर्ड मूळचाच होता. त्या ताईंनी वर पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह नाही एवढं बघितलं म्हणून पगाराच्या दिवशीचे पैसे वाचले. मला आजही त्यांचं फार कौतुक वाटतं. डीएनएसच्या रकान्यात केबलवाल्याने दिलेला आकडा हवा, किंवा तुम्ही स्वतः जाणून टाकलेला, जसा ८.८.८.८ किंवा १.१.१.१. दुसरं काही दिसलं तर फोटो काढून ठेवा, राउटर रिसेट करा, फर्मवेअर नव्याने घाला आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या नेटवरून बदला. पैसे गेलेच असतील तर विचार करत बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार.

नुसता राउटर बंद करून चालू केला की झालं, असं काही जण म्हणतात. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा राउटरमध्ये शिरणारा व्हायरस सापडला तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयनेही लोकांना राउटर रीबूट करायला सांगितलं होतं. ५४ देशांतले किमान ५ लाख डबे त्याने धरले होते. पण त्याचा पहिला भाग रीबूटनंतरही आत टिकून राहायचा. म्हणून शंका असेल तिथे पूर्ण रिसेटच.

वायफायच्या सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए ३ असेल तर ते ठेवा, नसेल तर डब्ल्यूपीए २ एईएस. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा आणि व्यापारी, जॉबर, कॅमेरेवाले, सगळ्यांना तेच द्या. हिशेबाचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर मुख्य जाळ्यात, बाकी सगळं गेस्टवर. चहा घेऊन येणाऱ्या मुलाला वायफाय द्यायला माझी ना नाही, फक्त टॅली आहे त्या जाळ्यात नको.

सगळं झालं की सेटिंगची बॅकअप फाईल पेनड्राईव्हवर घ्या आणि तो वहीसोबत ठेवा. राउटर पत्र्याजवळून काढून खाली, हवेशीर जागी, यंत्रमागापासून लांब लावा. वहीत तारीख टाका आणि पुढची तपासणी गणपतीच्या आधी, मग जानेवारीतली आमची गड्डा यात्रा संपल्यावर अशी लिहून ठेवा.

राहिला काढून ठेवलेला जुना राउटर. तो भंगारात देण्याआधी वीज जोडा, मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घाला आणि सगळे दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरा. तुमच्या नेटचा आयडी, पासवर्ड आणि वायफायचं नाव तोवर त्याच्यातच असतं.