वेल्डिंग टेबल बनवताय? आधी प्लेट बघा, मग बाकी सगळं

वर्कशॉप नवीन टाकलं की लोक मशीनला पैसे घालतात, ग्राइंडर चांगला घेतात आणि वेल्डिंग मात्र जमिनीवर उकिडवं बसून करतात. कंबर जाते ती जातेच, पण जॉबपण वाकडा येतो, कारण फरशी कधीच सपाट नसते. टेबल म्हणजे नुसता ओटा नाही, ते तुमचं माप आहे. ते जेवढं सपाट तेवढाच त्याच्यावरचा जॉब सपाट.

माझं पहिलं टेबल ५ एमएम प्लेटचं होतं, वर मी ती प्लेट चारी बाजूंनी अखंड वेल्ड मारून फ्रेमला जोडली, मला वाटलं जेवढं वेल्ड जास्त तेवढं मजबूत. वेल्ड थंड होताना आकसतं आणि पातळ प्लेटला ओढून घेतं, त्यामुळे ती मधे परातीसारखी खोल झाली. त्यावर केलेलं खिडकीचं ग्रिल भिंतीला लावायला गेलो तर एक कोपरा ६ एमएम वर, आणि गिऱ्हाईक शेजारीच उभं. तेव्हापासून प्लेटमधे काटकसर नाही करत.

आता साईझ. एकट्या माणसाला १२०० बाय ७५० एमएम पुरतं, प्लेट १२ एमएम एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, साधं लोखंड. एक चौरस मीटर, एक एमएम जाडी म्हणजे ७.८५ किलो हा हिशोब लक्षात ठेवा, त्याप्रमाणे ही प्लेट साधारण ८५ किलो भरते, तर उचलायला दोन-तीन माणसं बोलवून ठेवा. बजेट नसेल तर १० एमएम चालेल, त्याच्याखाली नको. भंगारात जाड प्लेट मिळते, भोसरीसारख्या एमआयडीसीच्या भागात तर नक्कीच, फक्त घेताना सरळ अॅल्युमिनियमचा सेक्शन सोबत न्या, प्लेटवर आडवा, उभा, तिरका ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. चेकर्ड प्लेट (वर नक्षी उठलेली) स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

फ्रेमला ५० बाय ५० बाय ३ चा स्क्वेअर पाईप, ६ मीटरच्या दोन लेंथमधे सगळं बसतं. फ्रेम प्लेटपेक्षा लहान ठेवायची, बाहेरून १०५० बाय ६००, म्हणजे चारी बाजूंनी प्लेट ७५ एमएम बाहेर राहते आणि क्लॅम्प लावायला जागा मिळते, हे बरेच जण विसरतात आणि मग आयुष्यभर क्लॅम्प लावताना चिडतात. कटिंग असं: १०५० चे २, ५०० चे ६ (दोन वरच्या फ्रेमला, दोन मधल्या आडव्या, दोन खाली), पायांसाठी ८०० चे ४, खाली पायांच्या मधे ९५० चे २. जीआय, म्हणजे जस्ताचा लेप असलेला पाईप वापरू नका, जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

वरची फ्रेम आधी नुसत्या टाक्यांवर, म्हणजे छोट्या तुटक वेल्डवर, उभी करा. गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावा, पण भरवसा कर्णावर ठेवा, दोन्ही कर्ण १२०९ एमएम आले पाहिजेत, एक एमएमचा फरक चालेल, तीन एमएम नाही, मोठ्या कर्णाच्या बाजूने हातोडा मारून सरळ करा. मग पीळ बघायचा. मासेमारीची तंगूस घ्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांतून फ्रेमच्या वरून ताणून दोन बांधा, मधे जिथे एकमेकींवरून जातात तिथे त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. मधे फट राहिली, किंवा खालच्या दोरीने वरची उचलली, तर फ्रेमला पीळ आहे, तो आत्ताच काढा. नंतर नाही निघत.

फुल वेल्ड मारताना एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर उड्या मारत जा, एकाच जागी तापवू नका. ३ एमएम पाईपला २.५ एमएमची ६०१३ नंबरची वेल्डिंग रॉड, ७५-८० अँपिअर, बास.

पायांच्या तळाला ६ एमएमचे चौकोनी तुकडे, मधे १८ एमएमचं भोक, त्यावर एम१६ चा नट वेल्ड करा. नट वेल्ड करताना आत जुना बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर स्पॅटर (वेल्डचे उडालेले थेंब) आट्यांत जातो आणि नट वाया. बोल्ट हाच टेबलाचा पाय, खाली वर करून लेव्हल मिळते आणि लॉकनटने घट्ट करता येतो. बोल्ट ४० एमएम बाहेर धरला तर एकूण उंची ९०० च्या आसपास येते, उभं राहून काम करायला कोपराच्या थोडी खाली. तुम्ही बुटके-उंच असाल तर पाय त्याप्रमाणे कापा.

आता प्लेट. फ्रेमवर ठेवा, जिथे फट दिसेल तिथे पत्र्याचं पॅकिंग सरकवा, दाबून खाली ओढू नका. मग खालून फक्त ६-८ ठिकाणी २५ एमएमचे टाके, समोरासमोर, मधे गार होऊ देत. एवढं पुरतं, आणि काही वर्षांनी वरची बाजू खराब झाली की टाके ग्राइंडरने काढून प्लेट उलटी करता येते.

वरून रंग मारू नका, करंट अडतो. एका कोपऱ्यातली काळी पापडी घासून अर्थिंगचा क्लॅम्प तिथे लावा. वाईस पायाच्या बरोबर वर बसवा म्हणजे हातोड्याचा मार थेट पायात उतरतो. खालच्या फ्रेमवर थिनरचा डबा किंवा चिंध्या कधीच ठेवू नका, ठिणगी तिथेच पडते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रोज संध्याकाळी तेलाचं फडकं फिरवा आणि सकाळी वेल्डिंगआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या.