मंडळात पोरांचे प्रोजेक्ट चालू करताय? आधी स्वतःचे हात खिशात घाला

परवा आमच्या नाशकातल्या इंदिरानगरच्या एका मंडळातल्या पोराने विचारलं, दादा आम्हालापण रविवारी पोरांसाठी प्रोजेक्टचं काहीतरी चालू करायचंय, सामान काय काय घेऊ. सामानाचं खाली सांगतो, पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते आठवलं की अजून जीवाला लागतं.

आमचं मंडळ सिडकोत. मंडळाची खोली वर्षभर बंद, गणपतीत ढोल काढायला उघडायची. मी डिप्लोमा करून अंबड एमआयडीसीत कामाला लागलो होतो, म्हटलं रविवारी चार ते सहा सातवी ते दहावीची पोरं घेऊन हाताने काहीतरी करू. अकरा जण आले, त्यात चार मुली. विषय पोरांनीच काढला. पावसाळ्यात आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच असतं ना, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं, गुडघ्याला का कमरेला का छातीला. २०१९चा पूर तर या पोरांनी रामकुंडावर जाऊन बघितलेला. मग ठरलं की धरण, नदी आणि मारुतीचं मॉडेल करायचं, टबात पाणी वाढलं की दरवाजा आपोआप उघडणार, मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की बझर वाजणार, आणि गणपतीत देखावा म्हणून मांडायचं.

इथपर्यंत सगळं छान होतं. घोळ झाला तो तारखेमुळे.

स्थापनेला दोन दिवस राहिले आणि दरवाजाची सर्वो मोटर, म्हणजे सांगू तेवढंच फिरणारी छोटी मोटर, नुसती थरथरायला लागली. उघडायचीच नाही. पोरं रडकुंडीला आली, मी त्यांना रात्री नऊला घरी पाठवलं आणि एकटा बसलो. अडीच वाजता सापडलं. मोटरला वेगळा मोबाईलचा चार्जर दिला होता आणि त्या चार्जरचा मायनस आर्डुइनोच्या, म्हणजे ज्यात कोड टाकून मोटर चालवतो त्या छोट्या बोर्डाच्या, ग्राउंडला म्हणजे मायनसला जोडलेलाच नव्हता. एक वायर. ती लावली, मग हात लागलाच आहे तर पोरांच्या सगळ्या वायरी काढून नीट रंगानुसार लावल्या, कोडपण नवीन लिहिला. स्थापनेच्या दिवशी मॉडेल एकदम मस्त चाललं, लोकांनी व्हिडिओ काढले. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी आठवीतल्या एका मुलीला विचारलं, हे उघडतं कसं गं? तो दरवाजा तिनेच कापला होता, चार रविवार घासून घासून बसवला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ते दादाला माहितीये.

दिवाळीपर्यंत अकराची चार पोरं उरली होती. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, यायची बंद झाली बस.

म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो. तुम्ही म्हणाल एका वायरीचं काय घेऊन बसलाय. पण बघा, त्या वायरीत सगळं होतं. सर्वो अडकली की जास्त करंट ओढते, तो भार बोर्डावर टाकला की बोर्ड रिसेट होतो, म्हणून मोटरला वेगळा पाच व्होल्टचा सप्लाय द्यावा लागतो. आता बोर्ड मोटरला सांगतो ‘फिर’, पण तो सिग्नल म्हणजे शेवटी व्होल्टेज, आणि व्होल्टेज कशाच्या तरी तुलनेत मोजायचं असतं. दोघांचा मायनस एक नसेल तर मोटरला तो सिग्नल नीट कळणारच कसा? सर्किट म्हणजे जाऊन परत येणारा रस्ता, हे पोरांनी शाळेत पाठ केलेलं असतं, ते हाताला कळायची वेळ त्या रात्री आली होती आणि ती संधी मी घेतली, पोरांची होती ती. तुमच्याकडूनपण हेच होणार आहे. मुद्दाम नाही, प्रेमानेच होतं, पोरांची फजिती होऊ नये म्हणून. तरी करू नका.

दुसऱ्या वर्षी तोच प्रॉब्लेम परत आला तेव्हा मी खरोखर हात खिशात घातले. तीन रविवार गेले. मी फक्त एवढंच विचारायचो, मागच्या वेळी चालत होतं तेव्हा काय होतं आणि आज काय बदललंय. ती मुलगी त्या चारांत होती. ती म्हणाली बोर्डावरून चालवली तर हलते, चार्जर लावला की थरथरते. मग बोट ठेवून एकेक वायर बघत गेली, लाल इकडून तिकडे, पिवळी इकडून तिकडे, काळीवर बोट थांबलं. "दादा, याचा मायनस त्याला भेटतच नाहीये ना?" मी हो पण म्हटलं नाही, म्हटलं लावून बघ.

आता सामान. एक आर्डुइनो, अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा), सर्वो, बझर, ब्रेडबोर्ड (डाग न देता वायरी खोचायची पट्टी), त्यात खोचायच्या भरपूर जंपर वायरी आणि एक साधा मल्टीमीटर, तीन पोरांत एक सेट बास. सेन्सर वरून खाली अंतर मोजतो, म्हणजे पाणी वाढलं की आकडा कमी होतो, यावर पोरं दोन रविवार गोंधळतात, गोंधळू द्या. दोन सेंटिमीटरच्या आत तो नीट मोजत नाही, म्हणून थोडा उंच लावा. २३० व्होल्टला पोरांचा हात लागता कामा नये, यात चर्चा नको. पंप नको, पाणी मगाने ओता.

सर्टिफिकेटवाल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपवर वर्गणीचे पैसे घालू नका. सगळं खटाखट बसणारं किट येतं, संध्याकाळी गाडी पळते, आणि पोराला काय कळलं तर काही नाही. एआयकडून आख्खा कोड घेणंपण तसलंच. शिकवायला कोण मिळेल म्हणत असाल तर इंजिनीअर शोधत बसू नका, आमच्याकडे एक वायरमन काका येतात, ते पोराच्या हातातला पक्कड कधीच घेत नाहीत, मला त्यांच्याकडूनच जास्त शिकायला मिळालं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला तो याच विचाराने, गावाला लागणारी खरी कामं करत करत शिकायचं. जमलं तर एकदा बघून या.

आणि तुम्हाला सगळं यायला पाहिजे असं काही नाही, खरंच. मला अजून निम्म्या गोष्टी येत नाहीत, पोरांसोबत बसून शोधतो, त्याने काही बिघडत नाही.

गेल्या गणपतीत मॉडेल अर्धवटच मांडलं. दरवाजा चालत होता, बझर नाही. पोरांनी स्वतः पाटी लावली, ‘बझर का वाजत नाही ते शोधतोय’. लोक जास्त वेळ थांबायला लागले. पंचवटीतले एक आजोबा आले, म्हणाले १९६९चा पूर मी पाहिलाय, तुमच्या खुणा कमी पडतील. मुलीने त्यांना आत बोलावलं, म्हणाली आजोबा, कुठवर आलं होतं ते बोट लावून दाखवा. त्यांनी मारुतीच्या डोक्याच्याही वर बोट ठेवलं आणि तिने तिथे मार्करने रेघ मारली.