चिपच्या कंपनीत लागताय? आधी गिऱ्हाईक बघा

पुण्यात व्हेरिफिकेशनच्या (चिप बनण्याआधी तिचं डिझाइन तपासण्याच्या) नोकरीला लागलो तेव्हा आईने विचारलं, "कारखान्यात तो पांढरा डगला घालावा लागतो का रे?" आमच्या कंपनीला कारखानाच नव्हता. अशा बऱ्याच कंपन्या फॅबलेस असतात. डिझाइन आपलं, वेफर (ज्यावर चिप घडतात ती सिलिकॉनची चकती) तैवानच्या टीएसएमसीसारख्या फाउंड्रीत, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणाऱ्या कारखान्यात. माझा कारखाना म्हणजे रात्री लावलेलं रिग्रेशन (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) आणि सकाळी चहासोबत चाळायच्या फेल झालेल्या टेस्ट.

सुरुवातीला बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरची चिप होती. तिथे सगळी भांडणं चिपच्या झोपेवरून. सीआर२०३२ हा बटण सेल साधारण २२० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांचा. झोपेत चिप १० मायक्रोअ‍ॅम्प खात असेल, तर सेल अडीच वर्षांत संपला. २ खात असेल, तर हिशेब साडेबारा वर्षांवर जातो (तोवर सेल स्वतःच म्हातारा होतो, ते सोडा). पहिले नमुने लॅबमध्ये आले आणि मीटरचा काटा काही खाली येईना. एका पिनचा पुल-अप (पिन वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा रेझिस्टर) झोपेतही चालूच. ती टेस्ट माझ्या प्लॅनमध्येच नव्हती. नशीब, फर्मवेअरमधून बंद करता आला. नाहीतर मास्क (चिप छापायचे साचे) बदला, पुन्हा फाउंड्री, काही महिने पाण्यात.

मग डेटा सेंटरच्या टीमवर गेलो आणि भाषाच बदलली. मायक्रोअ‍ॅम्पचं नाव कोणी काढेना. तिथे डेटा तारेतून पाठवायची पद्धत पॅम-४. तिच्यात एका ठोक्याला दोन बिट जातात, पण त्यासाठी व्होल्टेजच्या चार पातळ्या लागतात. दोन पातळ्यांमधलं अंतर एक तृतीयांशावर येतं, म्हणून सगळा जीव नॉइजवर. गिऱ्हाइकं मोजून चार-पाच, पण त्यांचे इंजिनिअर रात्री साडेनऊच्या कॉलवर आपल्या स्पेकची ओळन्‌ओळ सोलतात. सेन्सरवाली गिऱ्हाइकं ढिगाने. त्यांना डेव्हलपमेंट बोर्ड द्या, भाव दोन रुपयांनी उतरवा, बस्स.

कंपनीही एका धंद्यात कायम राहील असं धरू नका. मार्व्हेलने २०१९ मध्ये वाय-फायचा धंदा एनएक्सपीला विकला आणि २०२१ मध्ये डेटा सेंटरच्या जोडण्यांसाठी इन्फाय विकत घेतली. म्हणून ऑफर आली की पॅकेजच्या आधी विचारा: ही चिप कोण घेणार, आणि टेप-आउट (तयार डिझाइन फाउंड्रीला सोपवणं) झालंय की व्हायचंय?

मी आता मुलाखती घेतो. सिस्टिमव्हेरिलॉग (व्हेरिफिकेशनची भाषा) सगळेच घोकून येतात, म्हणून वरचा सेलचा हिशेब घालतो. निम्मे जण मोबाइलकडे हात नेतात.